कोलनच्या पॅराफिन ब्लॉकवर मिर-२१: यू६ भरवशाचं नाही, कटऑफ पटत नाही

पेशीवेल्हाळ

नमस्कार मंडळी. मिर-२१-५पी, मिर-१४५-५पी आणि मिर-३१-५पी या मायक्रोआरएनएंवरून (जनुकांचं काम आवरणारे आखूड आरएनए; ५पी, ३पी म्हणजे एकाच पूर्वगामी रेणूच्या दोन बाजूंचे तुकडे) कोलन कर्करोगात आजार उलटण्याचा अंदाज बांधता येतो का, हे तपासायचं काम चालू आहे. स्टेज २ आणि ३ मिळून ११८ रुग्ण, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, पॅराफिन ब्लॉक (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेली ऊती) हाताशी, पाठपुरावा किमान पाच वर्षांचा. त्यातल्या ३१ जणांचा आजार उलटला.

पद्धत नेहमीचीच. ब्लॉकमधून १० मायक्रॉनचे तीन छेद थेट ट्यूबमध्ये, कॉलम किटने आरएनए, स्टेम-लूप आरटी (आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे डीएनए प्रत, बनवणं), मग प्रोबवर क्यूपीसीआर (ती प्रत दुप्पट-दुप्पट करत मोजणं). नॉर्मलायझेशन यू६ वर, म्हणजे यू६ या छोट्या आरएनएच्या तुलनेत आकडा.

अडचणी अशा. यू६ चा सीटी (सिग्नल दिसू लागतो ती सायकल; रेणू जितके कमी तितका सीटी जास्त) नव्या ब्लॉकमध्ये २४ च्या आसपास असतो, जुन्यांत ३०-३१ पर्यंत चढतो. मिर-२१ मात्र सगळीकडे २२ ते २४ मध्येच. म्हणजे जुन्या ब्लॉकमध्ये मिर-२१ आपोआप 'वाढलेलं' दिसतं. मिर-१४५ ला तर काही ताळतंत्रच नाही. एकाच रुग्णाच्या दोन ब्लॉकमध्ये सहा सायकलचा फरक येतो. आणि मध्यकावर दोन गट पाडले की काप्लान-मायरच्या (आजार न उलटता राहिलेल्यांच्या) रेषा एकमेकींना चिकटून चालतात, पण सॉफ्टवेअरला 'सर्वोत्तम कटऑफ' (गट पाडायची रेघ) शोधायला सांगितलं की पी थेट ०.०१ च्या खाली. मार्गदर्शक म्हणतात तोच घ्या, सगळे तेच करतात. मला पटत नाही, पण नाही म्हणायला ठोस मुद्दे हवेत.

मायक्रोटोम

क्यूपीसीआरकडे नंतर या, आधी स्लाइड बघा. 'छेद थेट ट्यूबमध्ये' म्हणालात ना, तिथेच पाणी मुरतंय.

कोलनच्या एका ब्लॉकमध्ये काय काय असतं? गाठ, तिच्या कडेचा निरोगी म्युकोसा (आतलं अस्तर), खालचा मस्क्युलॅरिस प्रोप्रियाचा (स्नायूचा) जाड थर, चरबी, लिम्फॉइड फॉलिकल (पांढऱ्या पेशींचे पुंजके), मधोमध नेक्रोसिस (मेलेला भाग). हे सगळं एका ट्यूबमध्ये विरघळवलं की यंत्र सांगतं ती त्या मिश्रणाची सरासरी. ती रुग्णागणिक का बदलते याचं पहिलं उत्तर जीवशास्त्र नसून कापणी आहे.

मिर-१४५ चं कोडं याच्याने लगेच सुटतं. मिर-१४३ आणि मिर-१४५ मोठ्या आतड्याच्या गाठींत कमी होतात, हे २००३ मध्ये छापून आलं आणि पुढे दशकभर दोघांनाही एपिथेलियमचे (अस्तराच्या पेशींचे) 'ट्यूमर सप्रेसर', म्हणजे गाठ रोखणारे, मानून शेकड्यांनी लेख निघाले. २०१४ च्या सुमारास पेशी वेगळ्या करून मोजणी झाली आणि उंदरांवरही काम झालं, तेव्हा दिसलं की हे दोन्ही मुळात गुळगुळीत स्नायू आणि फायब्रोब्लास्ट यांसारख्या मेसेन्कायमल, म्हणजे आधार-ऊतीच्या, पेशींत असतात, एपिथेलियममध्ये जवळजवळ नाहीतच. निरोगी भिंतीत स्नायू भरपूर, गाठीत एपिथेलियम भरपूर. मग गाठीत आकडा घसरणारच. तुमचा सहा सायकलचा फरक म्हणजे ६४ पट. एका ब्लॉकमध्ये स्नायूचा पट्टा आला आणि दुसऱ्यात आला नाही, एवढ्याने तेवढा फरक सहज पडतो. दोन्ही ब्लॉकच्या एच अँड ई (नेहमीच्या रंगवणीच्या) स्लाइड शेजारी ठेवून बघा.

मिर-२१ चं दुखणं वेगळं, पण जातकुळी तीच. एलएनए प्रोब वापरून इन सिटू हायब्रिडायझेशन (रेणू कुठे आहे ते छेदावरच दाखवणारी पद्धत) केलं की कोलनच्या गाठीत मिर-२१ चा सिग्नल मुख्यतः स्ट्रोमातल्या (गाठीतल्या आधार-ऊतीतल्या) फायब्रोब्लास्टसारख्या लांबट पेशींत दिसतो. गाठीच्या पेशींत काही ठिकाणी, आणि तोही फिकट. डेन्मार्कमध्ये स्टेज २ वर झालेल्या कामात या सिग्नलचा संबंध आजार उलटण्याशी लागला. आता गोम अशी की ज्या गाठीत स्ट्रोमा ५० टक्क्यांहून जास्त तिचं भवितव्य वाईट, हे नुसत्या एच अँड ई वरूनही कळतं, पैशाचाही खर्च न करता. मग तुमचं मिर-२१ स्ट्रोमाच्या प्रमाणापलीकडे काही सांगतं का, हा खरा प्रश्न. तो लेखात नसेल तर परीक्षक विचारेल, आणि विचारायलाच हवा.

पुन्हा छेद घ्यायचे असतील तर असं करा. प्रत्येक रुग्णाचा एकच ब्लॉक, जिथे गाठ सर्वांत खोल शिरली आहे तो. हा नियम सगळ्यांना सारखा. ब्लॉकचा उघडा पृष्ठभाग हवेने खराब झालेला असतो, पहिले दोन छेद टाकून द्या. मग ४ मायक्रॉनचा एक छेद एच अँड ई साठी, त्यानंतर १० मायक्रॉनचे पाच-सहा साध्या काचेवर, आणि शेवटी पुन्हा ४ मायक्रॉनचा एक एच अँड ई साठी. मधल्या छेदांत गाठ संपली तर या शेवटच्या स्लाइडवर कळतं. हा छेद लोक हमखास वगळतात. १० मायक्रॉनच्या स्लाइड रात्रभर ६० अंशांवर भाजू नका, खोलीच्या तापमानाला वाळू द्या. एच अँड ई वर पॅथॉलॉजिस्टकडून मार्करने हद्द आखून घ्या, ती स्लाइड खाली धरून वरच्या कोऱ्या स्लाइडवरून ११ नंबरच्या ब्लेडने तेवढाच भाग खरवडा. स्नायू, नेक्रोसिस, फॉलिकल आणि म्युसिनची तळी सोडा. म्युसिनस गाठीत पेशीच विरळ असतात, तिथे छेद दुप्पट घ्या. गाठीच्या पेशींचं किमान प्रमाण किती धरणार हे खरवडण्याआधी ठरवून लिहून ठेवा, सीटी बघून नव्हे.

स्ट्रोमाचं प्रमाण मोजायला १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली असं क्षेत्र निवडा जिथे चारही कडांना गाठीच्या पेशी आहेत आणि मधला स्ट्रोमा सर्वांत दाट आहे. दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने आकडा द्या. दोघांनी स्वतंत्रपणे द्यावा, रुग्णाचं पुढे काय झालं हे दोघांनाही माहीत नसावं.

दोन ब्लॉकच्या मध्ये मायक्रोटोम पुसा, ब्लेडची जागा सरकवा, आणि अधूनमधून कोऱ्या पॅराफिनच्या ब्लॉकचे छेद घेऊन तेही शेवटपर्यंत चालवा. मिर-२१ इतकं मुबलक असतं की मागच्या ब्लॉकचा कणही पुढच्यात दिसतो.

आणखी एक. बाहेरून आलेले ब्लॉक कुठल्या फॉर्मॅलिनमधले आहेत ते तपासा. बफर नसलेलं आम्लयुक्त फॉर्मॅलिन असेल तर एच अँड ई वर, विशेषतः रक्त साचलेल्या जागी, तपकिरी-काळे कण दिसतात. अशा ब्लॉकवर खूण करून ठेवा. नंतर विचित्र आकडे बहुधा तिथूनच निघतात.

बेचाळीस_अंश

मायक्रोटोम यांच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत. आता यू६.

यू६ ची लांबी शंभराहून थोडी जास्त न्यूक्लिओटाइड, मायक्रोआरएनए साधारण २२. ब्लॉक कपाटात पडून राहिला की लांब रेणू आधी तुटतो आणि फॉर्मॅलिनचे डागही त्याच्यावर जास्त. आखूड मायक्रोआरएनए टिकून राहतं. त्यामुळे तुमचा डेल्टा-सीटी (मायक्रोआरएनए आणि संदर्भ यांच्या सीटींतला फरक) मोजतोय ते ब्लॉकचं वय. खात्री करायची तर आलेख काढा: आडव्या अक्षावर ब्लॉकचं वर्ष, उभ्यावर यू६ चा सीटी. रेषा तिरकी गेली की यू६ बाद. शिवाय यू६ केंद्रकात राहतं, पॉलिमरेज ३ ने बनतं. ज्याची तुलना करायची त्याच्याशी त्याचं काही साम्यच नाही. आरएनयू४४ आणि आरएनयू४८ हे दुसरे छोटे आरएनए घेऊनही सुटका नाही, तेही गाठीगणिक बदलतात.

संदर्भ म्हणून मायक्रोआरएनएच घ्या. कोलनच्या ऊतींसाठी २०१० मध्ये मिर-१६ आणि मिर-३४५ ही जोडी सुचवली गेली होती. सुरुवातीला ती धरा, पण डोळे मिटून नको. २० नमुने निवडा, त्यात जुने-नवे ब्लॉक, स्टेज २ आणि ३, उलटलेले आणि न उलटलेले असे सगळे हवेत. त्यांवर सहा-आठ उमेदवार चालवून जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या स्थिरता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. जे दोन-तीन सर्वांत स्थिर ठरतील त्यांच्या सीटींची सरासरी तुमचा संदर्भ. एकट्या संदर्भावर कधीच विसंबू नका.

काढणीत लोक कुठे घसरतात ते सांगतो. झायलीनने मेण काढलं, इथेनॉलने धुतलं, की गोळी पूर्ण कोरडी होऊ द्या. उरलेलं इथेनॉल प्रोटिनेज के ला मारतं. प्रोटिनेज के ५६ अंशांवर १५ मिनिटं, मग ८० अंशांवर १५ मिनिटं. दुसरी पायरी फॉर्मॅलिनचे बंध सोडवण्यासाठी असते, ती वेळेत अचूक हवी. ब्लॉक एकाच वेळी २४ लावले आणि ड्राय बाथ कडेला ७४ आणि मधे ८० दाखवत असेल तर कडेचे नमुने कायम एक सायकल मागे राहतील. नंतरचं इथेनॉलचं प्रमाण तर जीवावरचं. साध्या आरएनए कॉलमला ७० टक्के इथेनॉल लागतं आणि त्यात २०० न्यूक्लिओटाइडखालचा सगळा माल गाळून खाली जातो. छोट्या आरएनएसाठी पूर्ण, म्हणजे १०० टक्के इथेनॉल आणि किटने सांगितलेलं जास्तीचं आकारमान लागतं. बाटली बरेच दिवस उघडी राहून इथेनॉलने पाणी ओढलं असेल तरी हाती येणारा आरएनए घटतो.

नॅनोड्रॉप या मापकाचा आकडा एकूण आरएनए सांगतो, मायक्रोआरएनए किती ते नाही. ब्लॉकच्या आरएनएला आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा आकडा) बघणं व्यर्थ, ते २ च्या आसपासच येणार. २६०/२३० (शुद्धतेचं गुणोत्तर) मात्र बघा. १ च्या खाली असेल तर ग्वानिडिन (किटमधलं क्षार) राहिलंय, कॉलम आणखी एकदा धुवा. अडथळा आहे का हे कळायचा सोपा मार्ग: आरएनए पाच पट पातळ करा आणि पुन्हा चालवा. सीटी २.३ ने वाढायला हवा. एकानेच वाढला तर मूळ नमुन्यात आरटी किंवा पीसीआर दबलेलं आहे.

आरटीला १० नॅनोग्रॅम पुरे. १६ अंश ३० मिनिटं, ४२ अंश ३० मिनिटं, ८५ अंश ५ मिनिटं. १६ ची पायरी घाईने कापू नका, स्टेम-लूप प्रायमर मायक्रोआरएनएच्या ३-प्राइम टोकाच्या फक्त सहा न्यूक्लिओटाइडवर बसतो, त्याला थंडावा लागतो. याच कारणाने टोकाला एखादं अक्षर जास्त किंवा कमी असलेले आयसोमिर या पद्धतीत कमी मोजले जातात. मिर-२१ ला टोकाशी जादा सी असलेलं रूप बरंच सापडतं, त्यामुळे सिक्वेन्सिंगचे आकडे आणि तुमचे आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नका.

प्रत्येक प्लेटवर एकाच पूल केलेल्या आरएनएचा नमुना ठेवा, प्लेट-प्लेटमधला फरक त्यावरून काढता येतो. उलटलेले रुग्ण सगळ्या प्लेटवर विखरा. ३१ च्या ३१ शेवटच्या प्लेटवर गेले तर नंतर कुठलाही संख्याशास्त्रज्ञ ते सोडवू शकत नाही. एकाच नमुन्याच्या तीन विहिरींत सीटीचं मानक विचलन ०.३ च्या वर गेलं की पुन्हा करा. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये हवा. पाण्याच्या विहिरीत मिर-२१ चा सीटी ३६-३८ दिसला तर तुमच्या २२-२४ पुढे तो नगण्य आहे, पण मिर-३१ बऱ्याच गाठींत ३० च्या पुढे असतो, तिथे तोच दूषितपणा घात करील.

पेशीवेल्हाळ

दोघांचेही आभार. ब्लॉकच्या वर्षाचा आलेख काढला, रेषा तिरकीच आहे. यू६ गेलं.

दोन गोष्टी उरल्या. कटऑफचं कुणी बोललं नाही. आणि जवळपास निम्म्या रुग्णांचा शस्त्रक्रियेआधीचा प्लाझ्मा उणे ८० मध्ये आहे, ईडीटीएमधला (रक्त गोठू न देणारं रसायन). काही ट्यूब गुलाबी दिसतात. त्यावर मिर-२१ आणि मिर-९२ए करण्यात अर्थ आहे का?

काप्लान_मायर

कटऑफबद्दल तुमची शंका रास्त आहे. ११८ रुग्ण मिर-२१ च्या चढत्या क्रमाने लावले, दोन्ही टोकांचे दहा-दहा टक्के सोडले, तरी नव्वदेक जागी रेघ मारता येते. सॉफ्टवेअर प्रत्येक जागी लॉग-रँक (दोन गटांच्या रेषांतल्या फरकाची चाचणी) करतं आणि सर्वांत लहान पी तुमच्या हाती देतं. एवढ्यांदा फासे टाकल्यावर सहा पडला यात नवल ते काय? मिर-२१ चा आजाराशी काडीचाही संबंध नसला तरी या पद्धतीत ०.०५ च्या खालचा पी वीसात एकदा न येता त्याच्या कितीतरी पट वेळा येतो. डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच नेमकं हेच मांडलं होतं. 'सगळे तेच करतात' हे खरं आहे, आणि म्हणूनच बहुतेक मायक्रोआरएनए दुसऱ्या गटात उभे राहत नाहीत. मार्गदर्शकांना सांगायचं तर एवढं सांगा: मॅक्झिमली सिलेक्टेड लॉग-रँकची दुरुस्ती करून पी काढतो, तो टिकला तर लिहू. बहुधा टिकणार नाही.

मुळात गट पाडूच नका. उणे डेल्टा-सीटी जसाच्या तसा कॉक्स मॉडेलमध्ये (घटना घडेपर्यंतच्या काळावरून धोका मोजणारं) घाला. तो लॉग-दोनच्या पट्टीवरच असतो, त्यामुळे हॅझर्ड रेशो थेट वाचता येतो: मिर-२१ दुप्पट झालं की आजार उलटण्याचा धोका किती पटीने बदलतो. संबंध सरळ रेषेत नसेल अशी शंका असेल तर तीन नॉटची (सांध्यांची) रिस्ट्रिक्टेड क्यूबिक स्प्लाइन, म्हणजे वळणारी रेषा, घ्या, जास्त नको. चित्रासाठी गट हवेच असतील तर तिसऱ्या हिश्श्यांनी पाडा आणि ते फक्त चित्रापुरतं आहे असं लिहा.

आता खरी मर्यादा. तुमच्याकडे घटना ३१ आहेत. नमुना ११८ चा नाही, ३१ चा धरा. एका चलाला दहा घटना या ठोकताळ्याने तीन चलं होतात. मायक्रोटोम म्हणतात तो स्ट्रोमा, शिवाय टी४ (गाठ आतड्याच्या भिंतीपार गेलेली), एन (लसिकाग्रंथींतला प्रसार), एमएमआर (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) आणि वर मिर-२१, इतकं सगळं साध्या कॉक्सला पेलणार नाही. दोन वाटा आहेत. एक, रिज दंड लावलेलं (सहगुणक शून्याकडे ओढणारं) कॉक्स. दुसरी, आधी टी४ आणि एन एवढ्यांचं मूळ मॉडेल, त्यावर स्ट्रोमा, त्यावर मिर-२१, आणि प्रत्येक पायरीला लाइकलिहुड रेशो चाचणी. मिर-२१ घातल्याने सी-इंडेक्स (मॉडेल रुग्णांचा धोक्याचा क्रम किती बरोबर लावतं) किती हलला तेही द्या. एक सावधगिरी: स्टेजची अक्षरं १, २, ३ अशी क्रमाने मॉडेलमध्ये टाकू नका. ३ए चे रुग्ण २बी आणि २सी पेक्षा चांगले जगतात हे जगजाहीर आहे. त्यामुळे टी आणि एन वेगवेगळेच ठेवा.

मग बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच रुग्णांतून पुन्हा पुन्हा नमुना काढणं. ५०० ते १००० वेळा, आणि दर वेळी संपूर्ण प्रक्रिया पुन्हा, फक्त शेवटचं मॉडेल नव्हे. सी-इंडेक्स किती फुगलाय ते त्यातून कळतं.

तीन मायक्रोआरएनएपैकी मुख्य कोणतं हे आजच लिहून ठेवा. उरलेले दोन 'शोधक' म्हणून. 'अनडिटरमाइंड' आलेल्या विहिरींना ४० देऊ नका, ते आकडे खोटे ठरतात. त्यांना 'या मर्यादेखाली' असंच धरा. आजार उलटण्याआधी दुसऱ्याच कारणाने मृत्यू झालेले किती, ते स्वतंत्र मांडा. वयस्क रुग्णांत हा आकडा लहान नसतो. ब्लॉक न मिळाल्याने किती रुग्ण गळाले आणि ते उरलेल्यांपेक्षा वेगळे होते का, हेही. रिमार्क मार्गदर्शिकेत (कर्करोगाच्या मार्करवरचे लेख कसे लिहावेत ते सांगणाऱ्या) हे सगळं मागितलेलंच आहे, ती समोर ठेवूनच तक्ते बनवा.

सेंट्रिफ्यूज

प्लाझ्माबद्दल. गुलाबी ट्यूबवर मिर-९२ए मोजणं म्हणजे किती तांबड्या पेशी फुटल्या ते मोजणं. मिर-९२ए, मिर-१६, मिर-४८६-५पी आणि मिर-४५१ए हे सगळे तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. त्यामुळे ऊतीत चालणारं मिर-१६ प्लाझ्मात संदर्भ म्हणून चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

डोळ्याला गुलाबी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून दोन चाचण्या. ४१४ नॅनोमीटरला शोषण बघा, तिथे हिमोग्लोबिनचा सुळका येतो; चरबीने गढूळ प्लाझ्मात मात्र हा आकडा फसवा असतो. दुसरी भरवशाची: मिर-२३ए-३पी चा सीटी वजा मिर-४५१ए चा सीटी. ५ च्या आत असेल तर ठीक, ७ च्या वर गेलं तर नमुना बाजूला, मधले संशयित. हा नियम निकाल बघण्याआधी लावायचा.

मिर-२१ वर हिमोलिसिसचा (तांबड्या पेशी फुटण्याचा) मारा त्या मानाने कमी, पण ते प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींत भरपूर असतं. तुमचा प्लाझ्मा एकदाच फिरवलेला असेल आणि तसाच गोठवला असेल, तर प्लेटलेट आत राहिल्यात आणि गोठून-वितळून फुटल्यात. ते आता सुधारत नाही. पुढच्या नमुन्यांसाठी: रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत, ४ अंशांवर १,९०० जी ला १० मिनिटं, वरचा थर पांढऱ्या पट्टीपासून अर्धा सेंटीमीटर राखून उचला, मग १६,००० जी ला आणखी १० मिनिटं. लहान लहान भाग करून गोठवा. हेपॅरिनच्या ट्यूब असतील तर नादी लागू नका, पीसीआर दबतं.

काढणीला २०० मायक्रोलिटर हे आकारमान सगळ्यांना सारखं ठेवा. प्लाझ्माचा आरएनए नॅनोड्रॉपवर मोजण्याइतका नसतोच. सेल-मिर-३९ स्पाइक (काढणी तपासायला बाहेरून घालायचा ठरावीक आरएनए) लायसिस द्रावण घालून मिसळल्यानंतरच टाका. आधी टाकलात तर प्लाझ्मातले आरएनेज त्याला क्षणात खातात आणि तुम्हाला वाटतं काढणीच फसली.

माझं मत विचाराल तर निम्म्याच रुग्णांचा, एकदाच फिरवलेला प्लाझ्मा या लेखात आणू नका.

फास्टक्यू

टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय संग्रहातल्या कोलन डेटावर पडताळणी करायचा मोह होईलच, म्हणून थोडक्यात. 'मिरना' नावाची फाइल पूर्वगामी रेणूनुसार बेरीज देते, ५पी आणि ३पी वेगळे मिळत नाहीत. 'आयसोफॉर्म' फाइल घ्या. काही नमुने जुन्या जीए यंत्रावरचे, काही हायसेकवरचे. दोन्ही एकत्र केलेत तर पहिला प्रिन्सिपल कंपोनंट (डेटातला सर्वांत मोठा फरक) यंत्राचाच निघतो. एकाच रुग्णाचे दोन-दोन नमुने असतात, ते गाळा. गुदाशयाचा डेटा वेगळ्या नावाखाली आहे, तो मिसळू नका. पाठपुरावा तोकडा आहे, त्यामुळे एकूण जगण्यापेक्षा आजार पुढे सरकेपर्यंतचा काळ घेणं बरं. आणि तिथली ऊती खरवडलेली नाही, मायक्रोटोम यांचा आक्षेप तिथेही लागू.

ओपीडीनंतर

वरचं सगळं मान्य, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही: आकडा आला तर रुग्णाचं काय बदलणार?

स्टेज ३ मध्ये केमो द्यायचीच असते, तिथे मिर-२१ जास्त आलं म्हणून काही वेगळं होत नाही. खरी दुविधा स्टेज २ ला. तिथे आज आम्ही टी४ आहे का, १२ पेक्षा कमी लसिकाग्रंथी तपासल्या गेल्या का, रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्या किंवा नसांभोवती शिरकाव आहे का, आतडं अडलं किंवा फुटलं होतं का, आणि एमएमआरची स्थिती काय, यावर ठरवतो. एमएमआर डेफिशियंट असेल तर नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा नाही आणि भवितव्य मुळात बरं असतं. कुठलंही मायक्रोआरएनए या यादीत नाही. त्यात रक्तातल्या कर्करोग डीएनएने जागा बळकावायला घेतली आहे. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत, २०२२ ची, स्टेज २ चे ४५५ रुग्ण होते. डीएनए बघून ठरवलेल्या गटात केमो १५ टक्क्यांना लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. दोन वर्षं आजाराविना राहिलेले अनुक्रमे ९३.५ आणि ९२.४ टक्के. मिर-२१ ला आता या तोडीचा पुरावा द्यावा लागेल.

त्यामुळे लेखात 'प्रोग्नॉस्टिक' (आजाराचं भवितव्य सांगणारं) एवढंच म्हणा. केमोचा फायदा कुणाला होईल ते मिर-२१ सांगतं, असं वाक्य चुकूनही नको. तुमच्याकडे केमो कुणाला द्यायची हे डॉक्टरने ठरवलं, चिठ्ठी टाकून नाही.

मिर-३१ बद्दल. तुम्ही ५पी मोजताय. सेटुक्सिमॅब या औषधाच्या संदर्भात, आरएएस जनुक सामान्य असलेल्या पसरलेल्या आजारात, फायर-३ चाचणीच्या ब्लॉकवर ज्याचं काम झालं ते ३पी होतं, आणि तो प्रश्नही औषधाला प्रतिसादाचा. चर्चेच्या भागात दोन्हींची गल्लत करू नका. ५पी चा संबंध बीआरएएफ जनुकाच्या उत्परिवर्तनाशी लागतो आणि त्या गाठी बहुतेक उजव्या कोलनच्या असतात. बीआरएएफ तपासलं नसेल तर निदान बाजू तरी तक्त्यात हवी. आणि रेक्टोसिग्मॉइडमधल्या कुणाला आधी रेडिएशन दिलं असेल तर तो रुग्ण बाहेर.

मायक्रोटोम

बाजूबद्दल योग्य बोललात. एमएमआरसाठी चार प्रतिपिंडांचं इम्युनो (प्रथिनं रंगवून बघणं) त्याच ब्लॉकवर होतं, ४ मायक्रॉनचे चार छेद जादा घेऊन ठेवा. ब्लॉक पुन्हा पुन्हा लावला की दर वेळी समतल करताना ऊती वाया जाते.

पेशीवेल्हाळ

ठरलं. मुख्य मिर-२१-५पी, गट न पाडता, टी४ आणि एन वर, मग स्ट्रोमा. प्लाझ्मा वगळला. मिर-१४५ स्नायू किती आला याची खूण म्हणून पुरवणीत.

शेवटचं विचारते: जुना आरएनए आणि सीडीएनए सगळा उणे ८० मध्ये आहे. नवे संदर्भ त्याच सीडीएनएवर चालवता येतील का, की सगळंच टाकून द्यायचं?

बेचाळीस_अंश

सीडीएनए उपयोगाचा नाही. स्टेम-लूप आरटीत प्रत्येक मायक्रोआरएनएचा प्रायमर वेगळा, त्यामुळे तुमच्याकडे फक्त त्या तीन आणि यू६ चा सीडीएनए आहे. मिर-१६ किंवा मिर-३४५ साठी आरएनएपासूनच नवी आरटी लागेल.

आरएनए टाकू नका. संदर्भ निवडायच्या २० नमुन्यांची पहिली फेरी त्यावरच करा, ८ उमेदवारांना प्रत्येकी १० नॅनोग्रॅम म्हणजे नमुन्यामागे ८० नॅनोग्रॅम, एवढा नक्की उरला असेल. बर्फावर वितळवा, एकदाच, आणि लगेच छोटे भाग करून ठेवा. शिवाय खरवडलेल्या नव्या आरएनएशी त्याच रुग्णाच्या जुन्याची तुलना केली तर मिर-१४५ किती खाली येतं आणि मिर-२१ किती हलतं, याचा एक चांगला पुरवणी आलेख फुकटात मिळेल. दोन्ही आरएनए एकाच प्लेटवर शेजारच्या विहिरींत लावा, नाहीतर प्लेटचा फरक त्यात मिसळेल.